पाणलोट क्षेत्र: आधी माथा शोधा, मग नदी

जलरेषा

पाणलोट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काम उभं राहतं. चर, बंधारे, बांध, रोपं. मला त्या कामाच्या आधीच्या गोष्टीबद्दल लिहायचंय, कारण ती कळली नाही तर काम चुकीच्या जागी होतं. पाणलोट हे कामाचं नाव होण्याआधी जागेचं नाव आहे. जमिनीच्या ज्या तुकड्यावर पडलेलं पाणी उताराने वाहत एका ठरावीक ठिकाणी येऊन पोचतं, तो अख्खा तुकडा म्हणजे त्या ठिकाणाचं पाणलोट क्षेत्र.

"त्या ठिकाणाचं" हे शब्द सोडू नका. ओढ्यावरच्या मोरीपाशी उभे राहिलात तर त्या मोरीचं एक पाणलोट असतं. तोच ओढा पुढे नदीला मिळतो, तिथे उभे राहिलात तर पाणलोट मोठं होतं आणि मोरीचं पाणलोट त्याच्या पोटात येतं. नदी समुद्राला मिळते तिथलं सगळ्यात मोठं, त्याला आपण खोरं म्हणतो. एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी ही रचना आहे. छप्पर असो, शेत असो, जंगल असो की डांबरी मैदान, प्रत्येक जागा अशा कितीतरी डब्यांमध्ये एकाच वेळी असते.

मला हे कळलं ते एका चुकीतून. प्रशिक्षणात पहिल्यांदा उंचीच्या रेषांचा नकाशा हातात आला आणि एका ओढ्याचं पाणलोट आखायला सांगितलं. मी ओढ्याची निळी रेघ धरली आणि तिच्या दोन्ही अंगांना सारखं अंतर सोडून लांबट पट्टा काढला. शिकवणाऱ्या बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातल्या एका टेकडीवर बोट ठेवून विचारलं, "इथे पडलेलं पाणी कुठे जाईल?" ते माझ्याच ओढ्यात येत होतं आणि टेकडी माझ्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर होती. उलट ओढ्याला खेटून असलेली एक जागा मी आत धरली होती. मध्ये बारीकसा उंचवटा होता, तिथलं पाणी पाठ फिरवून पलीकडच्या ओढ्यात जात होतं. तेव्हापासून मी नदीपासून सुरुवात करत नाही, माथ्यापासून करते.

आखायची रीत अशी. ज्या ठिकाणाचं पाणलोट हवंय तिथे टिंब द्या. आजूबाजूची उंच टोकं शोधून त्यांना खुणा करा. समान उंचीच्या रेषा ओघळीला ओलांडतात तेव्हा त्यांचं टोक वरच्या, म्हणजे उगमाच्या बाजूला वळलेलं असतं, आणि डोंगराच्या सोंडेवरून जाताना टोक उताराकडे वळतं. हा एक फरक डोळ्यांत बसला की नकाशा उठून उभा राहतो. मग टिंबापासून निघून सोंडेसोंडेने, उंचीच्या रेषांना काटकोनात ओलांडत, एका माथ्यावरून दुसऱ्यावर जात फेरी पूर्ण करून पुन्हा टिंबाशी या. तुमची रेघ टिंबाखेरीज कुठेही वाहतं पाणी ओलांडत असेल तर काहीतरी चुकलंय.

आता या रेघेच्या आत काय होतं ते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका हेक्टरवर १० मिलिमीटर पडला तर १ लाख लिटर. एवढीशी सर, आणि एवढं पाणी. त्यातलं काही पानांवरूनच वाफ होऊन जातं, काही मातीत मुरतं आणि मुळांवाटे पुन्हा हवेत जातं, काही खोल पाझरून भूजलाला मिळतं, उरलेलं पृष्ठभागावरून वाहतं. पाऊस संपल्यावर आठवडेच्या आठवडे ओढा वाहत राहतो तो पाझरलेल्या पाण्यावर. म्हणून ओढा किती काळ वाहणार हे पावसाइतकंच वरच्या मातीवर ठरतं. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याने झाकलेली, मुळांनी आणि गांडुळांनी पोखरलेली असेल तर ती पाणी घेते. उघडी असेल तर थेंबांच्या माऱ्याने बारीक कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि तेच पाणी घसरून जातं, जाताना माती घेऊन जातं.

खाली जे काही दिसतं, पूर, गाळ, आटलेली विहीर, हिरवट पडलेलं तळं, त्याचं कारण बहुतेक वेळा त्या रेघेच्या आत वर कुठेतरी असतं. आपण मात्र पाहतो नदीच्या काठाकडे.

कुणी आपल्या ओळखीच्या ओढ्याचं पाणलोट कधी आखून पाहिलंय का? जरूर लिहा.

नवखा७

छान धागा. एक शंका. दोन पाणलोटांमधली सीमा म्हणजे डोंगराची धार, हे समजलं. पण जिथे डोंगरच नाही, सगळं सपाट आहे, तिथे सीमा कशी ठरते?

जलरेषा

@नवखा७, त्या सीमेला जलविभाजक म्हणतात. धार असेल तर तो डोळ्यांनी दिसतो, सपाटीवर दिसत नाही एवढंच. तिथे वीतभर उंची पुरते. रस्त्याचा किंवा रेल्वेचा भराव, कालव्याचा काठ, शेताचा जुना बांध यांनीही पाणी वळतं, म्हणजे माणसाने नकळत नवे जलविभाजक तयार केलेले असतात. सपाट भागात नकाशावर विसंबू नये, तिथे पावसात जाऊन बघावं लागतं.

आणि कधीकधी निसर्गच रेघ ओढायचं टाळतो. अमेरिकेत वायोमिंगच्या डोंगरात नॉर्थ टू ओशन क्रीक नावाचा लहानसा ओढा आहे. तो खंडाच्या जलविभाजकावरच दुभंगतो. एक फाटा अटलांटिककडे जातो, ५,६०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून. दुसरा पॅसिफिककडे, सुमारे २,२०० किलोमीटर. यलोस्टोन सरोवरातला कटथ्रोट ट्राउट मासा मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा. तो याच वाटेने डोंगर ओलांडून अटलांटिकच्या बाजूला आला असं मानतात. डोंगरमाथा ओलांडणारा मासा! मला ही गोष्ट फार आवडते, कारण जलविभाजक म्हणजे पाण्यातल्या जिवांसाठी खरीखुरी भिंत असते आणि तिला एक दार उघडं राहिलं.

कातळ

धागा उत्तम. एक भर घालतो. धाग्यात सांगितलेली रेघ पृष्ठभागावरच्या पाण्याची आहे. जमिनीखालचं पाणी ती पाळेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी भूजलाचा उतार वरच्या जमिनीच्या उताराशी जुळतो. चुनखडीच्या प्रदेशात मात्र तो सपशेल वेगळा असू शकतो, कारण पाण्याने खडक विरघळवून आतून वाटा केलेल्या असतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण डॅन्यूब नदीचं. जर्मनीत उगमापासून थोड्याच अंतरावर, इमेंडिंगनजवळ, ही नदी आपल्याच पात्रातल्या भेगांमध्ये जिरते. वर्षातले बरेच दिवस पुढचं पात्र कोरडं पडतं. दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर आखटोप्फ नावाचा मोठा झरा आहे आणि त्याचं पाणी पुढे ऱ्हाइनला मिळतं. दोन्हींचा संबंध असावा असा लोकांना जुना संशय होता. खालच्या अंगाचे कारखानदार आणि वरच्या अंगाचे लोक यांच्यात पाण्यावरून तंटाही होता. १८७७ मध्ये त्याचा निकाल लावायला नदी जिरते तिथे मीठ, शेल खडकापासून काढलेलं तेल आणि १० किलो हिरवा चमकणारा रंग सोडला. साधारण ६० तासांनी आखटोप्फचं पाणी हिरवं चमकू लागलं, खारट लागू लागलं आणि त्याला तेलाचा वासही होता.

म्हणजे काळ्या समुद्राला जायला निघालेलं पाणी डोंगराच्या पोटातून उत्तर समुद्राकडे जातं. वरून कितीही अचूक रेघ आखली तरी हे कळलं नसतं. म्हणून विहिरी, कूपनलिका, झरे यांचा विचार करताना पृष्ठभागावरच्या पाणलोटासोबत खालचा खडक कोणता, त्याचे थर कुठे कललेले आहेत, भेगा कोणत्या दिशेला आहेत हे पाहणं अटळ आहे. झऱ्याला पाणी देणारी जागा झऱ्याच्या डोक्यावरच असते हा समज मी स्वतः अनेकदा खोटा ठरताना पाहिला आहे. थर पलीकडे कललेले असतील तर ती जागा टेकडीच्या दुसऱ्या अंगाला निघते, आणि सगळे चर या अंगाला खणून झालेले असतात.

निळाई

वाचतेय. डॅन्यूबची गोष्ट माहीत नव्हती, कातळ, मनापासून आभार.

सगळं पाणी शेवटी समुद्रालाच जातं का?

कातळ

@निळाई, नाही. जगाच्या जमिनीचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा बंदिस्त खोऱ्यांचा आहे. तिथलं पाणी समुद्राला जात नाही, आतल्याच एखाद्या सरोवरात किंवा वाळवंटात संपतं. कॅस्पियन समुद्र, ग्रेट सॉल्ट लेक, आफ्रिकेतली ओकावांगो नदी. अशा खोऱ्यात बाहेर जाण्याची वाट एकच, वाफ. त्यामुळे क्षार साचत जातात आणि वरून येणारं पाणी तोडलं की परिणाम लपत नाही. अराल समुद्राचं तेच झालं. १९६० नंतर अमू दर्या आणि सीर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं आणि एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर तुकडे होऊन आटलं. उघड्या पडलेल्या तळाची खारट, रसायनं मिसळलेली धूळ वाऱ्याने गावांवर येऊ लागली.

हिशेबी

मी रस्त्यांच्या कामावर होतो. मोरीचं माप ठरवताना पाणलोट किती आहे हा पहिला आकडा लागतो. बाकी सगळं त्याच्या मागून.

एका मोरीचा अनुभव सांगतो. जागा कुठली ते महत्त्वाचं नाही. आम्ही पाणलोट मोजलं, नियमाप्रमाणे माप काढलं, मोरी बांधली. काही वर्षं ठीक गेली. मग वरच्या उतारावर बांधकामं झाली. गवताळ जमीन होती तिथे छपरं, फरशी, डांबर. पाणलोटाचं क्षेत्रफळ एका चौरस मीटरनेही वाढलं नव्हतं. पण पूर्वी तासभर रेंगाळत येणारं पाणी आता काही मिनिटांत यायला लागलं. एका रात्री पाणी मोरीवरून गेलं आणि भराव वाहून गेला. खाली घरं होती. जीव वाचले, सामान गेलं. त्या लोकांनी वरच्या बांधकामाबद्दल कधी ऐकलंही नव्हतं. आणि वर बांधणाऱ्यांना खाली मोरी आहे हे माहीत नव्हतं.

मला तो दिवस अजून डाचतो. आमचं गणित चुकलं नव्हतं. गणित ज्या जमिनीचं केलं ती जमीन बदलली होती आणि ते आम्हाला कळवायची कुठे पद्धतच नव्हती.

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. पाणलोटातली पाणी न मुरणारी जमीन १० टक्क्यांच्या आसपास गेली की ओढ्याची तब्येत बिघडताना दिसू लागते, असं बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांतून आलेलं आहे. दहा टक्के म्हणजे फार नाही, विरळ वस्तीतही तेवढं होतं. दुसरी गोष्ट वेगाची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो हलवू शकेल अशा सगळ्यात मोठ्या दगडाचं वजन ढोबळमानाने चौसष्टपट होतं. दोनाचा सहावा घात. म्हणून "पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा आणि थांबलेल्याला मुरायला लावा" हे पाणलोटाच्या कामात म्हणतात ते अगदी शब्दशः खरं आहे. वेग थोडा कमी केला तरी विध्वंस कितीतरी पटींनी कमी होतो.

निळाई

हिशेबी, हे वाचून थांबले. कळवायची पद्धतच नव्हती, हे वाक्य पुन्हा वाचलं.

नवखा७

मग सोपं उत्तर म्हणजे वर झाडं लावायची. झाडं लावली की पाणी वाढतं ना?

रानवारा

@नवखा७, हा प्रश्न आला ते बरं झालं. उत्तर सोपं नाही, आणि जगातला सगळ्यात गाजलेला पाणलोटाचा प्रयोग नेमका यावरच आहे. जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात हबर्ड ब्रूक नावाचं प्रायोगिक जंगल आहे, १९५५ मध्ये राखून ठेवलेलं. तिथे एकाला एक लागून अनेक लहान पाणलोटं आहेत आणि खालचा खडक असा अभेद्य की पाणी खोल झिरपून निसटत नाही. म्हणजे पाऊस मोजला आणि ओढ्याच्या तोंडाशी बांधलेल्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेतून बाहेर पडणारं पाणी मोजलं की हिशेब पुरा. १९६३ पासून जीन लायकेन्स, हर्बर्ट बोर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर रक्त तपासतो तसं त्या ओढ्यांचं पाणी तपासायला सुरुवात केली. ओढ्याच्या पाण्यातून अख्ख्या जंगलाची तब्येत वाचायची, ही कल्पना मला आजही थक्क करते.

१९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी साडेपंधरा हेक्टरांच्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली. लाकूड उचललं नाही, रस्ते केले नाहीत, झाडं पडली तिथेच ठेवली. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक फवारून काही उगवू दिलं नाही. शेजारचं पाणलोट तुलनेसाठी जसंच्या तसं ठेवलं.

काय झालं? पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी वाढलं, अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी! कारण झाडं जे पाणी पिऊन हवेत सोडत होती ते सोडायला कुणी उरलं नव्हतं. म्हणजे झाड पाणी तयार करत नाही, झाड पाणी वापरतं. हे आधी मान्य करायला हवं.

पण पुढचं वाचा. त्या पाण्यातलं नायट्रेट चाळीस पटींहून अधिक वाढलं. मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवून नायट्रेट बनवतच होते, पण ते शोषणारी मुळं मेली होती. नायट्रेटबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही धुऊन गेलं. शेकडो वर्षांत साठवलेला मातीचा कस ओढ्याने वाहून नेला आणि ओढ्यात शेवाळ माजलं. शेजारच्या पाणलोटात पाऊस तोच, उतार तोच, पाणी स्वच्छ.

म्हणून "पाणी वाढतं का" एवढाच प्रश्न अपुरा आहे. कोणतं पाणी, कधी आणि किती स्वच्छ, हे विचारायला हवं. जंगल एकूण वाहतं पाणी बहुधा कमी करतं, आणि तरीही माती धरून, ती सच्छिद्र ठेवून, पाण्यातलं अन्नद्रव्य अडवून ओढ्याला जगण्याजोगं ठेवतं. दोन्ही खरं आहे.

याच ठिकाणी, याच मोजणीतून, पडणारा पाऊसच आम्ल आहे हेही लक्षात आलं. पीएच ४ च्या आसपास. उत्तर अमेरिकेतल्या आम्लवर्षेच्या अभ्यासाची ती सुरुवात. वर्षानुवर्षं, न कंटाळता एकाच ओढ्याचं पाणी मोजत राहिल्याचं हे फळ.

जलरेषा

रानवारा, फार छान मांडलंत. एक मुद्दा मात्र मी थोडा वेगळा मांडेन. हबर्ड ब्रूकची माती मुळात चांगली होती, पाणी मुरवत होती. जिथे जमीन आधीच उघडी पडून कडक झालीय, तिथे झाडी आणि गवत परत आल्यावर मुरणं इतकं वाढू शकतं की झाडांनी प्यायलेलं वजा करूनही कोरड्या दिवसांत झरे सुधारतात. म्हणजे सुरुवात कुठून झाली यावर उत्तर बदलतं.

रानवारा

मान्य. पण कुठली झाडं आणि किती, हेही तितकंच. चीनच्या लोएस पठारावर दोन्ही बाजू दिसल्या. वाऱ्याने आणून टाकलेली ती पिवळी भुसभुशीत माती शतकानुशतकं झिजत होती. पीत नदी तिथूनच वर्षाला १६० कोटी टनांच्या घरात गाळ नेत असे, नावही त्यावरूनच पडलं. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोठं काम सुरू झालं. उतारांवर मजगी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, मोकाट चराईला बंदी, तीव्र उतारांवर शेती थांबवून झाडी. डोंगर हिरवे झाले, नदीतला गाळ प्रचंड घटला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे मात्र शास्त्रज्ञांनीच इशारा दिला की तिथली झाडी आता उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ पोचलीय आणि आणखी लावाल तर माणसांच्या वाट्याचं पाणी कमी होईल. कोरड्या प्रदेशात गवत आणि झुडपं हीच तिथली खरी वनस्पती असते. तिला पडीक समजून तिच्यावर दाट झाडी लादणं मला पटत नाही.

जलरेषा

हे पटलं. "गवत आणि झुडपं" हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

वळचण

सगळ्यांचं वाचलं. सगळे पाण्याबद्दल बोलताहेत. मला वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय.

खालच्या लोकांना स्वच्छ पाणी हवं म्हणून वरच्या लोकांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कोण ठरवतं? बहुतेक वेळा खालचेच, कारण पैसा आणि सत्ता खाली असते. न्यू यॉर्क शहराची गोष्ट पाणलोटाचा आदर्श म्हणून सगळीकडे सांगतात. शहराचं बहुतांश पाणी दीड-दोनशे किलोमीटरवरच्या कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतून येतं आणि ते मोठ्या गाळणी प्रकल्पाशिवाय पुरवलं जातं. १९८९ मध्ये नियम आला की भूपृष्ठावरचं पाणी गाळून द्या, नाहीतर पाणलोट सुरक्षित असल्याचं सिद्ध करा. गाळणी प्रकल्पाला अनेक अब्ज डॉलर लागले असते. शहराने पाणलोट सांभाळायचं ठरवलं, ते कितीतरी स्वस्त पडलं. इथपर्यंत सगळे सांगतात.

पण त्याआधीचं कुणी सांगत नाही. शहराला पाणी देणाऱ्या अशोकान जलाशयासाठी १९०७ नंतर खोऱ्यातली गावं उठवली गेली, सुमारे २००० माणसं. दफनभूमी उकरून हलवल्या. नंतरच्या जलाशयांसाठी आणखी गावं गेली. त्यामुळे १९९० मध्ये शहराने वरच्या शेतकऱ्यांसाठी कडक नियमांचा मसुदा पुढे केला तेव्हा लोक पेटून उठले, कोर्टात गेले. त्यांच्या आजोबांची घरं त्या पाण्याखाली होती.

तोडगा निघाला तो १९९७ च्या करारात, आणि तोही वरच्यांना टेबलापाशी बसवल्यावरच. जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच. शेणखत आणि गुरांचं सांडपाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतावर करायच्या सुधारणांचा खर्च शहराचा. शेतकऱ्यांनी योजनेत यायचं की नाही हे त्यांच्या मर्जीवर, आणि बहुसंख्य मोठे शेतकरी आले. घरांच्या सांडपाण्याच्या टाक्या दुरुस्त करायचा खर्चही शहराचा.

मला यातून एवढंच म्हणायचंय की पाणलोटाच्या नकाशावर माणसं काढायची राहून जातात. वरच्या माणसाने चराई थांबवली, उतारावरचं शेत सोडलं, तर त्याच्या घरात त्या वर्षी काय कमी झालं याचा हिशेब खालच्याने मांडला पाहिजे. नाहीतर चर बुजतात, रोपं वाळतात आणि आपण म्हणतो लोकांना कळत नाही.

हिशेबी

वळचण, +१. आमच्या मोरीच्या गोष्टीत उलटं होतं, वरच्यांकडे पैसा होता. पण मूळ दुखणं तेच. दोघं एका टेबलापाशी कधी आलेच नाहीत.

जलरेषा

या टेबलाबद्दलच एक जुनी गोष्ट. जॉन वेस्ली पॉवेल हा भूशास्त्रज्ञ. युद्धात उजवा हात गमावलेला, आणि १८६९ मध्ये ग्रँड कॅन्यनमधून होडीने गेलेला. पुढे तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख झाला. १८९० मध्ये त्याने पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशाचा एक रंगीत नकाशा मांडला. त्यात प्रदेश पाणलोटांप्रमाणे विभागलेला होता. त्याचं म्हणणं होतं की इथे पाणी तुटपुंजं आहे, तेव्हा कारभाराच्या सीमा पाणलोटाच्या असाव्यात, म्हणजे जंगल, कुरण, शेत आणि पाणी यांचा निर्णय एकाच ठिकाणची माणसं घेतील. कुणी ऐकलं नाही. राज्यांच्या सीमा पट्टीने आखलेल्या सरळ रेषाच राहिल्या.

आपण नदीला सीमा मानतो, हे मुळातच उलटं आहे असं मला वाटतं. नदी सीमा झाली की एकच पाणलोट मधोमध चिरलं जातं आणि अर्धं-अर्धं दोन कारभारांकडे जातं. युरोपीय संघाने २००० साली पाणी-धोरणाचा कायदा केला तेव्हा नियोजनाचं एकक खोरं धरलं. डॅन्यूबचं खोरं १९ देशांत पसरलंय, इतक्या देशांत पसरलेलं दुसरं खोरं नाही. बोलण्याला वेळ लागतो, पण बोलायची जागा तरी आहे.

रानवारा

खोरं मोठं असलं की काय होतं याचं दुसरं टोक मिसिसिपी. अमेरिकेतली ३१ राज्यं आणि कॅनडाचे दोन प्रांत मिळून सुमारे ३२ लाख चौरस किलोमीटर. मक्याच्या शेतांतलं जास्तीचं नत्र ओघळींतून निघतं आणि हजारो किलोमीटरवर मेक्सिकोच्या आखातात पोचतं. तिथे शैवाल फोफावतं, मरून तळाशी जातं, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. दर उन्हाळ्यात तळाशी मासे जगू शकत नाहीत असा पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२,७०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेला होता, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. आखातातल्या कोळंबी पकडणाऱ्याचा आणि मक्याच्या शेतकऱ्याचा एकमेकांशी काही झगडा नाही, ओळखच नाही.

उलट दिशेने वर जाणारंही काही असतं, ते विसरू नये. सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला उगमाकडे चढतात, आणि पॅसिफिक सॅमन तिथेच मरतात. अस्वलं ते ओढून जंगलात नेतात, अर्धवट खाऊन टाकतात. काठच्या झाडांच्या खोडात समुद्रातून आलेलं नत्र सापडलंय. माती आणि अन्नद्रव्यं वरून खाली येतात, आणि त्यातला थोडा भाग मासे पोटातून परत वर नेतात. मध्ये धरण आलं की ती वाट बंद. वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली, तेव्हा शंभर वर्षांनी सॅमन वर गेले.

नवखा७

परवा तुम्ही सांगितलेल्या रीतीने एका ओढ्याचं पाणलोट आखलं. तीनदा खोडलं. दोन गोष्टी कळल्या. एक, ज्या टेकडीकडे मी रोज बघतो तिचा ओढ्याशी काही संबंध नाही, पाणी पलीकडे जातं. दोन, नकाशात जिथे एकच निळी रेघ आहे तिथे प्रत्यक्षात सात-आठ बारीक ओघळी आहेत. त्या नकाशावर नाहीतच. त्या धरायच्या का?

जलरेषा

@नवखा७, वाचून फार आनंद झाला. त्या धरायच्याच. एखाद्या नदीजाळ्याची एकूण लांबी मोजली तर त्यातला मोठा वाटा अशाच उगमाकडच्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या ओघळींचा असतो. ज्याला वरून दुसरा ओढा मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. असे दोन मिळाले की दुसऱ्या श्रेणीचा. पाणी मातीला सगळ्यात जास्त चिकटून वाहतं ते तिथेच, आणि बुजवल्या, नांगरल्या, वळवल्या जातात त्याही आधी ह्याच, कारण त्यांना नाव नसतं.

आता चांगला पाऊस पडेल त्या दिवशी तुमच्या रेघेवर जा. विशेषतः जिथे तुम्ही तीनदा खोडलंत तिथे. पाणी कुठल्या बाजूला वळतंय ते पाहा आणि पेन्सिलीने दुरुस्त करा. ओढ्याच्या तोंडाशी काचेच्या बाटलीत पाणी भरून ठेवा, गाळ खाली बसू द्या. मग वर चढत प्रत्येक ओघळीचं तसंच घ्या. सगळ्यात जास्त गाळ कुठल्या बाटलीत आहे ते इथे लिहा.

नवखा७

नऊ बाटल्या धुऊन ठेवल्यात.